पाण्याबाहेरचा पाणबुड्या

हैदराबादला मोत्यांचे शहर म्हणतात. चारमिनाराच्या परिसरात, लाडबाजारात आणि पत्थरगट्टीवर मोत्यांच्या लडी पिढ्यान्‌पिढ्या विकल्या जात आहेत, आणि लग्नसराईत दूरदूरची मंडळी त्यांच्यासाठी येथे येतात. नवल असे की, या शहराला समुद्र नाही. कुतुबशाहीचे बंदर मच्छलीपट्टण. तेही येथून शेकडो किलोमीटर दूर. मोती येत ते प्रामुख्याने इराणच्या आखातातून. तेथे ते वर काढीत पाणबुडे, आणि तेही पायाशी दगड, कमरेला दोर, नाकाला चिमटा व छातीत कोंडलेला एक श्वास एवढ्याच सामग्रीवर. ज्यांच्या श्वासावर एका दूरच्या शहराचे ऐश्वर्य सजले, ती माणसे पाण्याबाहेर असताना काय करीत असतील, हा प्रश्न मोत्याची पारख करणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. आम्ही आज त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. कारण वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या प्रश्नाच्या तळाशी नीतीचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे.

पोटासाठी पाण्यात उतरणारे पाणबुडे आता थोडे उरले. हौसेसाठी उतरणारे मात्र वाढले आहेत. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक ईव्ह कूस्तो हा नौदलातील अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता या दोघांनी पाठीवरील टाकीतून हवी तेवढीच हवा, हव्या त्या दाबाने तोंडाशी पोचविणारे साधन सिद्ध केले. त्या टाकीत प्राणवायू असतो असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तीत सामान्यतः आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. या साधनाच्या जोरावर बुडी मारण्याच्या विद्येला जगभर स्कूबा म्हणतात. मालवण-तारकर्लीला, गोव्याच्या ग्रांडे बेटापाशी, मुर्डेश्वरासमोरच्या नेत्राणी बेटाजवळ आणि अंदमानात या हौसेची ठाणी आहेत. हैदराबादेतील तरुण मंडळीही येथील तरणतलावात पहिले धडे गिरवून सुट्टीत तिकडे धाव घेतात. त्यांच्यापैकी काहींना या विद्येचा असा ध्यास लागतो की, वर्षभराची रजा, साठविलेला पैसा आणि संभाषणाचा प्रत्येक विषय समुद्राकडेच वाहू लागतो.

परंतु समुद्र या भक्तांना फार थोडा वेळ दर्शन देतो. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याचे महिने ही हौस बंदच असते. एरवीही टाकीतील हवा सुमारे पाऊण तास, फार तर तासभर पुरते. खोल पाण्यातील दाबामुळे हवेतील नत्रवायू रक्तात व मांसपेशींत मुरतो. तो हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना सावकाश यावे लागते, दोन बुड्यांमध्ये विसावा घ्यावा लागतो, आणि शेवटच्या बुडीनंतर विमानात बसण्यापूर्वी बहुधा अठरा तास किंवा अधिक थांबावे लागते. तात्पर्य, ज्याला आपण पाणबुड्या म्हणतो तो वर्षाच्या हजारो तासांपैकी मूठभर तासच पाण्यात असतो. बाकी सर्व काळ तो तुमच्या-आमच्यासारखा कोरड्या जमिनीवरचा प्राणी असतो. मग त्या कोरड्या काळाचे त्याने काय करावे? पुढच्या बुडीची वाट पाहत झुरावे, की दुसऱ्या एखाद्या छंदात मन घालावे? आणि असा दुसरा छंद म्हणजे पहिल्याशी केलेली प्रतारणा, की त्याचा आधार?

प्रतारणेचा पक्ष दुबळा नाही. एकाग्रतेचे माहात्म्य आपल्या परंपरेने लहानपणापासून आपल्या कानी घातले आहे. द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेत इतरांना झाड, फांद्या, पाने, आचार्य, बंधू सर्व काही दिसले. अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसला, आणि तोच उत्तीर्ण झाला. उलट, या कलेत थोडे, त्या विद्येत थोडे असे करणाऱ्याला आपले वडीलधारे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे म्हणून मोकळे होतात. ज्याला समुद्राचा तळ पाहायचा आहे त्याने तबला, बुद्धिबळे आणि नाणी यांच्या मागे लागू नये, असे कोणी म्हटले तर त्याला हसून वाटेला लावता येणार नाही.

परंतु त्याच अर्जुनाची पुढची कथा आपण विसरतो. अज्ञातवासाच्या वर्षी गांडीव शमीच्या झाडावर ठेवण्याची वेळ आली. धनुष्याखेरीज ज्याला काही येत नाही असा मनुष्य त्या वर्षी काय करता? अर्जुनाने मात्र इंद्रलोकी चित्रसेन गंधर्वाकडून गायन-नर्तन शिकून घेतले होते. त्या विद्येच्या बळावर बृहन्नडा होऊन तो विराटाच्या अंतःपुरात राहिला आणि उत्तरेला त्याने नृत्य शिकविले. वर्षाअखेर धनुष्य पुन्हा हाती घेण्याची वेळ आली तेव्हा त्याचा नेम कणभरही ढळला नव्हता. एकाग्रता ही नेम धरण्याच्या क्षणाची वृत्ती आहे. ती साऱ्या आयुष्याची कोठडी होऊ नये, हा या कथेचा बोध आम्हांस दिसतो.

आखातातील पाणबुड्यांनी हाच बोध आपल्या पद्धतीने घेतला होता. त्यांचे जीवन कष्टाचे होते. मोसमाआधी घेतलेली उचल फेडता फेडता कित्येकांचे आयुष्य नावेच्या मालकाच्या कर्जात बुडून जाई. १९३०च्या सुमारास जगभर मंदी आली, जपानने शिंपल्यात मोती पिकविण्याची कला व्यापाराला लावली, आणि तो सारा धंदा कोसळला. परंतु या लोकांचे गाणे धंद्याबरोबर बुडाले नाही. बहारीनमध्ये त्याला फिजिरी म्हणतात. मंडळी गोलाकार बसतात, मध्ये मुख्य गायक. हातात ढोल, बोटांत लहान झांजा, आणि तालासाठी चक्क मातीचा घडा. समुद्रातील हालअपेष्टा ते त्या गाण्यांतून सांगत. २०२१ साली युनेस्कोने या गायनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या देवळातील भजनाची बैठक ज्याने पाहिली आहे, त्याला त्या वर्तुळाची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. दिवसभर ज्यांनी श्वास कोंडून धरला, ते किनाऱ्यावर तोच श्वास गळ्यातून मोकळा सोडीत. त्या माणसांना हौस म्हणून काही करण्याची चैन परवडत नव्हती. तरीही पाण्याबाहेरच्या या एका गोष्टीवाचून त्यांचे चालत नव्हते. यावरून छंद हे रिकाम्या, खाऊनपिऊन सुखी माणसाचे खूळ आहे, हा समज खोटा ठरतो.

हौशी पाणबुड्यांच्या इतिहासात तर दुसऱ्या छंदाने पहिल्याला नीती शिकविल्याची उदाहरणे आहेत. व्हिएन्नाचा हान्स हास हा मूळचा आमच्याच विद्येचा, म्हणजे कायद्याचा विद्यार्थी. १९३७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर गाय गिल्पॅट्रिक या अमेरिकन लेखकाला पाण्याखाली भाल्याने मासे मारताना त्याने पाहिले, आणि तोही त्या शिकारीच्या नादी लागला. पुढे कायदा सोडून तो प्राणिशास्त्राकडे वळला. पण त्याला छायाचित्रणाचाही छंद जडला होता. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या नावातच हार्पून आणि कॅमेरा शेजारी शेजारी बसले आहेत. कालांतराने हार्पून मागे पडला आणि कॅमेरा राहिला. भाला हाती असला म्हणजे मासा हे लक्ष्य असते. कॅमेरा हाती आला की तोच मासा पाहण्याचा विषय होतो, आणि त्याचे जिवंत असणे हीच आपली गरज होऊन बसते. केवळ उपदेशाने जे घडायला वर्षे लागली असती, ते एका छंदाने सहज घडविले.

कूस्तोचेही असेच. तो पाण्यात पुरता उतरण्याच्या कितीतरी आधीपासून, पोरवयापासून, चलच्चित्रांच्या नादी होता. नौदलात त्याला वैमानिक व्हायचे होते. १९३६ साली मोटारीच्या अपघातात त्याचे हात जायबंदी झाले आणि ते स्वप्न विरले. हातांना बळ यावे म्हणून तो पोहू लागला; त्याच वर्षी त्याने पाण्याखाली पाहण्याचा चष्मा प्रथम डोळ्यांवर चढविला. चित्रपटाचा जुना छंद आणि पाण्याची नवी ओढ यांचा पुढे संगम झाला, आणि १९५६ साली त्याच्या समुद्रतळावरील चित्रपटाने कान येथील सर्वोच्च पारितोषिक मिळविले. पण त्याच चित्रपटात प्रवाळाजवळ सुरुंग उडवून मासे मारल्याची आणि शार्क माशांना ठार केल्याची दृश्ये आहेत. हाच कूस्तो पुढे समुद्राच्या रक्षणासाठी आयुष्यभर बोलत राहिला. आपले कृत्य पडद्यावर आपल्यालाच पाहावे लागणे, ही साधी शिक्षा नव्हे. न्यायालयात साक्षीदार दुसरा असतो. येथे साक्षीदारही आपण आणि पुरावाही आपणच टिपलेला.

तिसरे उदाहरण आर्थर क्लार्क यांचे. विज्ञानकथाकार म्हणून त्यांचे नाव जगाला ठाऊक आहे. १९५६ साली ते सिलोनमध्ये येऊन राहिले ते समुद्राच्या ओढीने, हे तितकेसे ठाऊक नसते. लेखन, दुर्बिणीतून ग्रहताऱ्यांचे निरीक्षण आणि टेबल टेनिस हे त्यांचे पाण्याबाहेरचे उद्योग होते. पाण्यात तरंगताना शरीराला भार जाणवत नाही, हे अवकाशातील अवस्थेशी फार जवळचे आहे, असे त्यांना वाटे. म्हणजे त्यांच्या बुडीचे एक टोक आकाशाला बांधलेले होते. १९६१ साली त्यांचा सहकारी माइक विल्सन याला लंकेच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ग्रेट बासेस खडकांपाशी एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष सापडले. त्यात चांदीच्या रुपयांचे गठ्ठे होते: सुरतेच्या टांकसाळीचे, हिजरी १११३ चे, आलमगीर औरंगजेबाच्या नावाचे. ज्या औरंगजेबाने १६८७ साली गोवळकोंडा घेतला त्याच्याच राजवटीतील हा पैसा. जहाजावरची ही चांदी केवळ वर काढणाऱ्याच्या हाती आली असती तर ती धातूच राहिली असती. लिपी वाचणाऱ्या, सन ताडणाऱ्या दृष्टीमुळे ती इतिहास झाली. तळाशी जाण्याचे धैर्य एका छंदाचे, आणि तळाशी काय आहे हे ओळखण्याची बुद्धी दुसऱ्या व्यासंगाची.

नाण्यांवरून आपल्या गोव्यातील कोसबेंच्या सुपुत्राचे, दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण होते. ते पाणबुडे नव्हेत, व्यवसायाने गणिती. पण प्राचीन नाणी अचूक तराजूवर तोलून, त्यांच्या झिजेला संख्याशास्त्राचे नियम लावता लावता ते भारताच्या इतिहासाच्या तळाशी जाऊन पोचले. सावंतवाडीजवळच्या कोलगावचे श्रीपाद दामोदर सातवळेकर विसाव्या शतकाच्या आरंभी याच हैदराबादेत चित्रकार म्हणून राहत होते. वेदांचे अध्ययन हा त्यांचा चित्रकलेबाहेरचा ध्यास. पुढे तोच त्यांच्या शतायुषी जीवनाचे मुख्य कार्य झाला. भाराभर चिंध्या आणि दोन धड वस्त्रे यांतील भेद या दोन नावांनी पुरेसा स्पष्ट होतो. दुसरा छंद पहिल्याइतकाच मनापासून धरला असेल तर त्याला चिंधी म्हणता येत नाही.

येथवर आम्ही दुसऱ्या छंदाचे लाभ सांगितले. आता त्याची गरज सांगतो. कारण आमच्या मते खरा नैतिक प्रश्न येथे आहे. पाणबुड्यांत एक अलिखित नियम पाळला जातो: कोणीही, कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता बुडी रद्द करू शकतो, आणि त्याला कोणी जाब विचारायचा नाही. दुसरा नियम असा की, एकट्याने उतरायचे नाही, सोबती हवाच. हे दोन नियम एकत्र ठेवून पाहावेत. ज्याच्या आयुष्यात समुद्राखेरीज काही नाही, जो वर्षभर या चार दिवसांसाठीच जगला, तो पाणी गढूळ झाले, कान दुखू लागला, प्रवाह वाढला म्हणून मागे फिरेल काय? त्याला परत फिरणे म्हणजे सारे वर्ष गमावणे वाटते. तो उतरतो, आणि तो उतरतो म्हणून त्याचा सोबतीही उतरतो. ज्याला घरी अर्धवट राहिलेले चित्र, सतारीवरची नवी गत, अंगणातील रोपे किंवा संध्याकाळची भजनाची बैठक वाट पाहत आहे, त्याला ‘आज नको’ म्हणणे जड जात नाही. मागे फिरण्याची ताकद इच्छाशक्तीतून येते असे आपण म्हणतो. पुष्कळदा ती मागे काहीतरी असण्यातून येते.

यावर कोणी म्हणेल, ज्याचा जीव त्याची जोखीम. इतरांना काय त्याचे? कायद्यात या अर्थाचे एक जुने लॅटिन सूत्र आहे: जाणूनबुजून जो धोका पत्करतो त्याला झालेल्या इजेबद्दल तक्रार करता येत नाही. परंतु न्यायालयांनी या सूत्राला मर्यादा घातल्या आहेत, आणि त्यांतील एक मर्यादा फार उद्बोधक आहे. १९३५ सालच्या हेन्स विरुद्ध हार्वुड या इंग्लंडमधील खटल्यात, रस्त्यावर बेवारस सोडलेले घोडे उधळले आणि लोकांना वाचविण्यासाठी एका पोलिसाने त्यांना अडविले. त्यात तो जखमी झाला. तू स्वेच्छेने पुढे आलास, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. संकटात धावून जाणारा मनुष्य धोका ‘स्वेच्छेने’ पत्करीत नाही, त्याचे कर्तव्य त्याला ओढून नेते, हे त्यामागचे मर्म. आता हेच समुद्रात लावून पाहा. अविचाराने खोल गेलेल्या पाणबुड्यामागे त्याचा सोबती जातो तो हौसेने जात नाही. घरी वाट पाहणाऱ्या पत्नीने, मुलांनी, वृद्ध आईने तर कोणत्याच कागदावर सही केलेली नसते. आपला जीव आपल्या एकट्याचा असतो, हे विधान कायद्यातही टिकत नाही, मग धर्मात कोठून टिकणार?

या विद्येचा पहिला पाठच याची साक्ष देतो. स्कूबा शिकणाऱ्याला सर्वांत आधी सांगतात की, श्वास कोंडून धरू नकोस. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा वर येता येता दुप्पट जागा मागते, आणि ती बाहेर सोडली नाही तर फुप्फुसे फाटतात. म्हणजे तेथे हवा कमी पडल्याने जसा घात होतो, तसाच ती धरून ठेवल्यानेही होतो. ध्यासाचे याहून वेगळे नाही. खोल पाण्यात जो आनंद छातीत मावला तोच घट्ट धरून नेहमीच्या जीवनात वर येऊ पाहणाऱ्याचे संसाराशी, नोकरीशी, माणसांशी तुटते. तो आनंद वाटेत सोडावा लागतो: चित्रात, गाण्यात, शिकविण्यात, कोणाला तरी सांगण्यात. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याला आहार-विहाराचे प्रमाण सांभाळण्यास सांगितले आहे. विहार वर्ज्य करा असे तेथे म्हटलेले नाही. प्रमाण राखा, एवढेच म्हटले आहे.

मात्र दुसरा छंद कोणताही चालेल, असे आम्ही म्हणत नाही. समुद्राच्या तळावरून शंख-शिंपले, पोवळ्यांच्या फांद्या उचलून आणून दिवाणखान्यात मांडणे हाही एक छंदच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोवळी, समुद्री घोडे आणि काही जातींचे शंख-शिंपले यांना संरक्षण दिले आहे. त्यांना हात लावणे हा गुन्हा आहे. पण कायद्याचे कलम बाजूला ठेवले तरी, जे पाहण्यासाठी आपण गेलो तेच उपटून आणणे ही कोणत्या प्रेमाची रीत? जी हौस आपल्या पहिल्या प्रेमाच्या वस्तूलाच ओरबाडते, ती हौस नव्हे, हाव होय. आम्ही एक साधी कसोटी सुचवितो: या छंदाने मी सोडायला शिकतो आहे, की आणखी एक गोष्ट मुठीत धरायला? पहिले असेल तर तो छंद. दुसरे असेल तर त्याला व्यसन म्हणावे, मग त्याचे बाह्य रूप कितीही शुद्ध असो.

हे सर्व पाणबुड्यांपुरते आहे, असे वाचकांनी समजू नये. आमच्या समाजात एकाच ध्यासाची माणसे कमी नाहीत. कोणाला व्यापाराखेरीज काही दिसत नाही, कोणाला कचेरीखेरीज. आणि सेवा हीसुद्धा मुठीत धरता येते. एखाद्या संस्थानाचा कारभार वर्षानुवर्षे निष्ठेने सांभाळणारा गृहस्थ पद सोडण्याची वेळ आली की कासावीस होतो, कारण त्या पदाबाहेर त्याने स्वतःसाठी काही राखून ठेवलेले नसते. मग तो उतरू नये त्या पाण्यात उतरतो, आणि त्याच्या मागे दोन तट उतरतात. देवळाच्या तंट्यांचे कागद वाचण्याचा ज्यांना प्रसंग येतो, त्यांना या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही. त्या गृहस्थाला पखवाज येत असता, बागेची आवड असती, मुलांना श्लोक शिकविण्यात गोडी असती, तर किती कज्जे दाखलच झाले नसते!

पाणबुड्याच्या आयुष्यातही असा दिवस येतोच. वय होते; कानाचा पडदा, हृदय, फुप्फुसे यांची तपासणी करून डॉक्टर सांगतात की, आता पुरे. समुद्र तेथेच असतो, पण आपल्याला बंद झालेला असतो. त्या दिवशी मनुष्याजवळ काय उरते, यावर तो आजवर किती खोल गेला याहून अधिक अवलंबून आहे. म्हणून ज्यांच्या घरी एखाद्या मुला-मुलीला समुद्राचा असा ध्यास लागला असेल, त्यांनी त्याला अडवू नये. परंतु तो किती मीटर खोल गेला हे चारचौघांत सांगण्याआधी, परत आल्यावर तो संध्याकाळी काय करतो, हे एकदा मायेने विचारावे. त्याच्याजवळ त्याचे उत्तर असेल, तर त्याला निःशंक मनाने पुन्हा समुद्रावर पाठवावे.